सांडपाण्याची वाट

सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणावर पडेपर्यंत आपल्या घरात किती पाणी सांडते, याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. तोंड धुतले, आंघोळ झाली, भांडी घासली, कपडे धुतले, की ते पाणी मोरीच्या जाळीतून खाली उतरते आणि दिसेनासे होते. पाणी येते कोठून, हे लहान मुलालाही सांगता येते. ते जाते कोठे, असे विचारले, तर मोठी माणसेही क्षणभर गप्प होतात.

जालना जिल्ह्यातील मुलांना येणाऱ्या पाण्याची कथा चांगली ठाऊक आहे. जालना शहराजवळ कुंडलिका नदीवर घाणेवाडीचा निजामकालीन तलाव आहे. तेथील पाणी केवळ जमिनीच्या उताराने शहरात येते. त्यासाठी विजेचा पंप लागत नाही. या तलावात साचलेला गाळ काढण्यासाठी नागरिकांनी आपण होऊन पुढाकार घेतला. पुढे पैठणच्या नाथसागरातूनही नळाने पाणी आणावे लागले. 2012-13 सालच्या दुष्काळात तर या जिल्ह्यातील कित्येक गावे टँकरची वाट पाहत होती. ज्या मुलखात एक घागर पाण्यासाठी इतके कष्ट पडतात, तेथे वापरून झालेल्या पाण्याने विहिरीचे किंवा नळाचे चांगले पाणी नासावे, याहून मोठी हानी कोणती? म्हणून या पाठात आपण जाणाऱ्या पाण्याच्या मागोमाग जाऊ आणि त्याची वाट पाहून येऊ.

घरातून बाहेर पडणारे पाणी दोन प्रकारचे असते. न्हाणीघर, स्वयंपाकघर व कपडे धुण्याची जागा येथून येते ते सांडपाणी. संडासातून येते ते मैलापाणी. दोहोंना वाहून नेणारे नळ बहुधा जमिनीखाली पुरलेले असतात. रस्त्याकडेचे सार्वजनिक गटार नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे असते. जालन्यात 2023 साली महानगरपालिका झाली, तेव्हापासून तेथे ते तिच्याकडे आहे. परंतु घरातील मोरीपासून त्या गटारापर्यंतचा नळ सामान्यतः घरमालकाचा असतो. अंगणात मैलाटाकी असेल, तर तीही त्याचीच. हा नळ फुटला किंवा तुंबला, तर तो दुरुस्त करणे हे त्याचेच काम. पुष्कळ घरांत नळ तुंबेपर्यंत ही गोष्ट कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

आता वाटेला लागू. मोरीच्या जाळीखाली नळ सरळ जात नाही, तर त्याला एक वळण असते. त्या वळणात बोटभर खोल पाणी नेहमी साचून राहते. गवंडी याला 'ट्रॅप' म्हणतात. पाणी खाली जाऊ शकते, पण गटारातील दुर्गंधी त्या साचलेल्या पाण्याला ओलांडून वर येऊ शकत नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने 1775 साली इंग्लंडात शौचकूपासाठी अशा वळणाच्या नळाचे पेटंट घेतले. युक्ती किती साधी! ना कळ, ना झडप; पाणीच पहारेकरी झाले. मात्र या पहारेकऱ्याला तहान लागते. घर बंद करून आपण महिनाभर गावी गेलो, की उन्हाळ्यात ते पाणी सुकून जाते, आणि परत आल्यावर घरभर घाण वास येतो. तेव्हा नळ फोडण्याचे कारण नाही. मोरीत तांब्याभर पाणी ओतले, की पहारा पुन्हा सुरू होतो.

ट्रॅपमधून निघालेले पाणी आडव्या नळात येते. येथे सर्व भार उतारावर असतो. चार इंची नळाला चाळीस फुटांमागे सुमारे एक फूट उतार दिला, म्हणजे पाणी घाणीला बरोबर घेऊन वाहते. उतार कमी पडला, तर पाणी पुढे जाते आणि गाळ मागे राहतो. आज थोडा, उद्या थोडा, असे करता करता नळाची वाट बुजते. जेथे नळ वळतो किंवा दुसरा नळ त्याला येऊन मिळतो, तेथे विटांचा एक लहानसा चौकोनी हौद बांधतात व त्यावर उघडता येईल असे झाकण ठेवतात. हेच चेंबर. नळ कोठे तुंबला आहे, हे चेंबर उघडल्यावाचून कळत नाही. अंगणात फरशी घालताना काही लोक चेंबरवरही फरशी बसवून टाकतात. अंगण देखणे दिसते खरे, पण नळ तुंबला, की सारे अंगण खणावे लागते.

ही युक्ती आजकालची नव्हे. साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधू नदीच्या काठी मोहेंजोदडो हे नगर नांदत होते. तेथे घरोघरचे सांडपाणी विटांच्या नालीतून रस्त्याच्या झाकलेल्या गटारात जात असे. वाटेत गाळ बसावा म्हणून लहान खड्डे ठेवलेले असत आणि ते साफ करण्यासाठी गटारावरील झाकणे काढता येत. त्या लोकांची लिपी आपल्याला अजून वाचता आलेली नाही. त्यांची गटारे मात्र त्यांच्याविषयी पुष्कळ काही सांगतात.

जालन्याकडे जमिनीखालच्या नळाला आणखी एक शत्रू आहे. तो म्हणजे आपली काळी माती. कापसाला आणि ज्वारीला मानवणारी ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या तुम्ही पाहिल्याच असतील. हीच माती अंगणातही असते. दरवर्षी ती नळाला वर उचलते व पुन्हा खाली सोडते. त्यामुळे नळाचे सांधे हळूहळू निखळतात. म्हणून जाणता गवंडी नळ काळ्या मातीत तसाच पुरीत नाही. चर खणून तळाशी व भोवताली वाळू किंवा मुरूम भरतो. सांधा निखळला, की आतले पाणी बाहेर झिरपते, आणि ओलाव्याच्या शोधात निघालेली पिंपळाची, उंबराची मुळे आत शिरतात. केसासारखे बारीक मूळ आत जाते आणि पुढे त्याचा झुबका होऊन तो नळ अडवून बसतो.

जमिनीखाली झिरपलेले हे पाणी कोठवर पोहोचू शकते, याची एक खरी हकिकत ऐका. 1854 सालच्या ऑगस्टच्या अखेरीस लंडन शहरातील ब्रॉड स्ट्रीट या भागात पटकीची भयंकर साथ आली आणि थोड्याच दिवसांत सहाशेंहून अधिक माणसे दगावली. पटकी दूषित हवेमुळे होते, असे त्या काळी मोठमोठे वैद्य मानीत. डॉक्टर जॉन स्नो यांना ते पटत नव्हते. कोणत्या घरी किती माणसे दगावली, याची त्यांनी घरोघर चौकशी केली. तेव्हा बहुतेकांनी रस्त्यावरच्या एकाच पंपाचे पाणी प्यायले होते, असे आढळले. त्यांनी अधिकाऱ्यांपुढे आपले म्हणणे मांडले आणि 8 सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला.

परंतु त्या पंपाखालच्या विहिरीत विष आले कोठून? हेन्री व्हाइटहेड नावाचे एक तरुण धर्मोपदेशक प्रथम स्नो यांचे म्हणणे खोडून काढायला निघाले होते. पण चौकशी करता करता सत्य त्यांच्याच हाती लागले. विहिरीशेजारच्या 40 क्रमांकाच्या घरात साथीच्या आरंभीच एक तान्हे मूल आजारी पडून दगावले होते. त्याची दुपटी धुतलेले पाणी आईने घरापुढच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतले होते. 1855 साली तो खड्डा व घराची नाली उकरून पाहण्यात आली. विटा सुट्या झाल्या होत्या, चुना गळून गेला होता आणि विहीर तेथून तीन फुटांच्याही आत होती! त्या माउलीचा यात काय दोष? तिला काहीच ठाऊक नव्हते. विहिरीचे पाणी तर दिसायला स्वच्छ आणि चवीला गोड होते. लोक ते मुद्दाम दुरून येऊन नेत. एका घरच्या पडक्या नालीने सारा मोहल्ला उद्ध्वस्त केला.

ही गोष्ट लंडनची, तीही जुनी, असे म्हणून ती विसरता येणार नाही. दूषित पाण्यातून पटकी, विषमज्वर, कावीळ व अतिसार हे रोग आजही पसरतात. आपल्याकडे पुष्कळ गावी नळाला रोज पाणी येत नाही. दोन-चार दिवसांआड, कधी त्याहूनही उशिरा येते. नळ पाण्याने दाटून भरलेला असतो, तोवर बाहेरची घाण आत येऊ शकत नाही. पण पुरवठा थांबला, की नळ रिकामा होतो आणि जेथे फट असेल तेथून भोवतालची ओल आत ओढून घेतो. शेजारून गटाराचा फुटका नळ गेला असेल, तर आत काय येईल, हे सांगायला नकोच. पुढच्या वेळी नळ सुरू झाला, की तेच पाणी आपल्या हंड्यात पडते. म्हणून पिण्याच्या पाण्याचा नळ व मैल्याचा नळ एकाच चरात टाकू नयेत. आलेल्या पहिल्या पाण्याला रंग किंवा वास असेल, तर ते पिण्यासाठी भरू नये.

जेथे भुयारी गटार नाही, तेथे मैलापाणी मैलाटाकीत जाते. जालना, अंबड, परतूर, भोकरदन अशा गावांतील कितीतरी घरांच्या अंगणात अशी टाकी पुरलेली आहे. आत काय घडते, ते समजण्यासाठी एक प्रयोग करा. काचेच्या बाटलीत पाणी घ्या, त्यात मूठभर माती व चमचाभर गोडेतेल घाला, बाटली हलवा आणि रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी तीन थर दिसतील : तळाशी गाळ, मध्ये पाणी, वर तेलाचा तवंग. टाकीतही मैलापाणी एक-दोन दिवस स्थिर राहते आणि असेच तीन थर होतात. ज्यांना हवा लागत नाही असे सूक्ष्म जंतू तळाचा गाळ खाऊन कमी करतात. मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरते. हे पाणी वरून निवळ दिसले तरी निर्मळ नसते. त्यात रोगजंतू असतात. म्हणून ते उघड्या गटारात सोडू नये, आणि शोषखड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान 15 ते 18 मीटर दूर असावा. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही. तेथे खड्डा मुरमापर्यंत खोल न्यावा लागतो. मात्र खडकाच्या भेगेतून पाणी थेट विहिरीत उतरणार नाही, हेही पाहावे लागते. केवळ मोरीच्या पाण्यासाठी असे शोषखड्डे नांदेड जिल्ह्यात गावोगाव खणण्यात आले, आणि रस्त्यावरची डबकी नाहीशी झाली. परसात जागा असेल, तर अळू आणि केळीही हे मोरीचे पाणी आनंदाने पितात.

जंतू गाळ खातात खरे, पण सर्व खात नाहीत. तो साचत जातो. टाकीचा तिसरा हिस्सा गाळाने भरला, की मैला न बसताच पुढे वाहू लागतो व शोषखड्डा बुजतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसून घ्यावी. पुष्कळ लोक टाकी उतू जाईपर्यंत थांबतात. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या गावांनी मात्र वेगळी रीत घातली. तेथे टाकी भरण्याची वाट न पाहता, ठरलेल्या पाळीने प्रत्येक घरची टाकी यंत्राच्या गाडीने उपसण्याची योजना सुरू झाली, आणि तो मैला शुद्ध करण्यासाठी गावाबाहेर केंद्रही उभारण्यात आले.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मैलाटाकीत किंवा खोल चेंबरमध्ये कोणत्याही कारणासाठी माणसाने उतरू नये, आणि कोणाला उतरवू नये. आत प्राणवायू अत्यंत कमी असतो. तेथे साचलेल्या वायूंपैकी एकाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो फार झाला, की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटते, वास गेला, धोका टळला. आणि तो तेथेच कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. अशा रीतीने एकामागून एक तीन-चार माणसे दगावल्याच्या दुःखद घटना आपल्या देशात पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. 2013 सालच्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांवाचून माणसाला टाकीत उतरवून ती साफ करून घेणे हा गुन्हा ठरविला आहे. पहिल्याच अपराधाला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गटारात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली सांगितले. परंतु गेलेला बाप पैशांनी घरी परत येत नाही. टाकी उपसायची, ती यंत्रानेच. ज्या घरचा नळ वेळच्या वेळी पाहिला जातो, त्या घरापायी कोणाचा जीव धोक्यात येत नाही.

महाराष्ट्राला स्वच्छतेचा धडा देणारे थोर पुरुष लाभले. संत गाडगेबाबा गावात शिरले, की आधी हाती खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडीत. कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन यांनी तर 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात, सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून उपोषण केले. मैला एका जातीने उचलावा आणि इतरांनी नाक मुरडून दूर उभे राहावे, हा त्यांना अन्याय वाटला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात, मैल्याला हात न लावता त्याचे खत व्हावे, अशा साध्या संडासाचा प्रसार त्यांनी केला. आपली घाण ही आपलीच जबाबदारी, ही त्यांची शिकवण होती.

मग आपण काय करावे? मोठे काही नको. काही सवयी पुरेत. कढईतले उरलेले तेल मोरीत ओतू नये. ते नळात थिजते आणि त्यावर राख, चहाचा चोथा, केस व भाताची शिते बसून दगडासारखा गोळा होतो. भांडी घासण्यापूर्वी खरकटे काढून घ्यावे. चिंध्या, पिशव्या व पाळीच्या वेळी वापरलेल्या घड्या संडासात टाकू नयेत. कागदात गुंडाळून कचऱ्यात द्याव्यात. नळ तुंबला, की बाटलीभर तीव्र आम्ल ओतण्याची खोड वाईट. आम्लाने सांधे झिजतात आणि टाकीतले उपकारक जंतू मरतात. चेंबरमधून बांबूची लांब, लवचिक कामटी घालून अडथळा काढणे अधिक चांगले. पण ते काम मोठ्या माणसांचे. छपराचे पावसाचे पाणी मैल्याच्या नळात सोडू नये. नळावरून ट्रॅक्टर किंवा भरलेली बैलगाडी नेऊ नये. टाकीच्या वायुनळीला जाळी बांधावी, म्हणजे डास आत शिरत नाहीत. टाकीचे झाकण पक्के असावे, आणि मुलांनी त्यावर कधीही उभे राहू नये.

नळ आजारी पडण्यापूर्वी खुणा करतो. मोरीतले पाणी सावकाश उतरू लागते. एका ठिकाणी पाणी ओतले, की दुसऱ्या मोरीत गुडगुड असा आवाज येतो. भर उन्हाळ्यात, सारे अंगण करपलेले असताना, एकाच जागी हिरवेगार गवत उगवते. भिंतीच्या पायाशी ओल येते. ही लक्षणे ओळखून लगेच गवंड्याला किंवा नळकाम करणाऱ्या कारागिराला बोलावले, तर थोडक्यात काम भागते. पावसाळ्याच्या आधी, एखाद्या रविवारी घरातील वडील माणसांना चेंबरचे झाकण उघडायला सांगा. ते दूर उभे राहून पाहत असताना मोरीत नीळ घातलेले बादलीभर पाणी ओता. ते निळे पाणी चेंबरमध्ये लगेच आले, की वाट मोकळी आहे, असे समजावे. उशिरा आले, तर गाळ साचला आहे. आलेच नाही, तर ते कोठे गेले, याचा शोध त्याच दिवशी घ्यावा.

घरात पाहुणे आले, की आपण बैठक झाडतो, उंबऱ्यावर रांगोळी काढतो. दिसणारी स्वच्छता ठेवणे सोपे. चारचौघे तिची वाखाणणी करतात. जमिनीखालच्या नळाची वाखाणणी कोणी करीत नाही. तो नीट चालत असतो, तेव्हा त्याची कोणाला आठवणही होत नाही. पण शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी गोड राहते, गल्लीतले तान्हे मूल तापाने फणफणत नाही, आणि कोणाच्या बापाला टाकीत उतरावे लागत नाही. न दिसणाऱ्या या नळाची काळजी ज्या घरात घेतली जाते, ते घर सगळ्या गल्लीचे आरोग्य राखते.

अभ्यास

1. मोरीच्या नळाला वळण का असते? घर बरेच दिवस बंद ठेवल्यावर वास का येतो?
2. काळ्या मातीत पुरलेल्या नळाचे सांधे कशामुळे निखळतात? त्यावर कोणता उपाय करतात?
3. ब्रॉड स्ट्रीटच्या साथीचे मूळ कारण कसे सापडले, ते आपल्या शब्दांत लिहा.
4. कारणे द्या : (अ) नळ तुंबल्यास त्यात तीव्र आम्ल ओतू नये. (आ) मैलाटाकीत माणसाने उतरू नये. (इ) चेंबरवर फरशी बसवू नये.
5. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : ध्यानीमनी नसणे, नाक मुरडणे, खोडून काढणे.
6. 'पाणीच पहारेकरी झाले' असे लेखकाने कशाला म्हटले आहे? त्या पहारेकऱ्याला तहान कशी लागते?
7. उपक्रम : आपल्या घरातील सांडपाणी मोरीपासून कोठे कोठे जाते, हे वडील माणसांना विचारून त्याचा नकाशा काढा. गावातील विहीर किंवा बोअर त्या वाटेपासून किती दूर आहे, हे पावलांनी मोजून नकाशात दाखवा.